तळटीप

ग्रीकमध्ये मीठ अळणी होत नाही.
ग्रीकमध्ये ते मूर्ख होतं.

हे मी सावंतवाडीच्या पॅरिश हॉलात सांगितलं तेव्हा
तीन कॅथलिक, दोन प्रॉटेस्टंट
आणि मराठी तपासायला बोलावलेले निवृत्त हेडमास्तर
एकदमच चहाकडे वळले.
फादर ज्योकिम म्हणाले, लोक हसतील, बाई.

मत्तय पाच, तेरा. एक क्रियापद,
दोन वर्षं माझ्या टेबलावर.
मार्क सरळ बोलतो : मीठ बेमीठ झालं तर.
मत्तय आणि लूक मात्र तो शब्द उचलतात
जो पौल शहाण्यांसाठी राखून ठेवतो.
एक मत असं, की मागे अरामी आहे,
त, फ, ल, तीन व्यंजनं,
बेचव आणि बेअक्कल एकाच पोटातले;
तो बोलला तेव्हा कुणीतरी फिसकन हसलं असेल,
आणि भाषांतर करणाऱ्याच्या ओंजळीत
दोनातला एकच अर्थ मावला.
दुसरं मत विचारतं, पुरावा?
तिसरं रसायनशास्त्र काढतं :
मृत समुद्राच्या मिठात जिप्सम,
ओल लागली, खार वाहून गेला, जिप्सम उरलं,
म्हणजे बघा, वचन प्रयोगशाळेतही टिकतं.
ही घाई मला लाजवते थोडी,
परक्याच्या ओसरीवर बसून
आपल्याच बापाची तारीफ करावी तशी.

जानेवारीत शिरोड्याला गेले.
इनासमामा आगरात, गुडघ्यापर्यंत चिखल,
डोक्याला पंचा, गळ्यात काळ्या दोऱ्याचा क्रूस.
नव्या कोंडीचा तळ तुडवत होता.
विचारलं, मामा, मीठ चव सोडतं?
तो थांबलासुद्धा नाही.
"मीठ कित्याक सोडीत? माणूस सोडता."

मी म्हटलं, पुस्तकात आहे तसं.
मग मात्र बाहेर आला,
पाय बांधावर पुसले,
आणि मला मागच्या सालच्या राशीकडे नेलं.
झावळ्या एका बाजूने उडालेल्या,
तिथून पावसाने रास खाल्लेली,
उरलेलं करडं, भुसभुशीत.
एक खडा जिभेवर ठेवला.
काहीच नाही.
चुकून दुसऱ्याच्या घरात शिरल्यासारखी
जीभ उंबऱ्यात उभी.

"माजो बापूस ह्येका येडा मीठ म्हणी."

मी वही काढली. मग तशीच मिटली.
पदवी, शिष्यवृत्ती, दोन वर्षं,
आणि आजोबा
अंगठा उठवून मजुरी घेणारे.

फेकून देता हे?
"फेकूचा कित्याक? माडाच्या आळ्यात घालतंय."
लूक म्हणतो, ना जमिनीच्या कामाचं ना उकिरड्याच्या.
लूकला माड ठाऊक नव्हता.

समितीने अखेर अळणीच ठेवलं.
हेडमास्तर म्हणाले, येडं मीठ
कानाला छान आहे, पण बोली आहे,
आणि उद्या कुणी मालवणचा, कुणी वसईचा
आपापलं मीठ घेऊन येईल.
मी म्हटलं, येऊ दे.
मिनिट्समध्ये ते आलं नाही.
तळटीप मिळाली, आठ शब्दांची.
मी सही केली. खाल्ल्या मिठाला जागले की नाही,
कुणाच्या, हे अजून ठरत नाही.

एक राहिलंच.
त्या दुपारी वचनाचा उरलेला भाग मी मामाला वाचून दाखवला :
मग ते बाहेर टाकलं जातं,
माणसांच्या पायांखाली तुडवलं जातं.
तो पुन्हा कोंडीत उतरला होता.
"तुडवूकच व्हया," म्हणाला,
"तळ कच्चो रवलो तर मीठ मातयेचा येता."

मत्तय तुडवण्याशी थांबतो.
मामा तिथून हंगाम सुरू करतो.

मी चपला बांधावर काढल्या.
गार, चिकट, बोटांमधून वर येणारा चिखल.
"टाच लाय गो," तो ओरडला,
"बोटांनी नाचा नको."