गुडघा

बारावीनंतर सुकेशिनीनं तीन फॉर्म आणले,
डी.एड.चा, पॉलिटेक्निकचा, नर्सिंगचा,
आणि खिडकीतल्या बाबूला विचारलं,
यातल्या कोणत्या सर्टिफिकेटवर
देशाबाहेर काम मिळते?
बाबूनं चष्मा वर केला.
मी मागे उभा, हातात तिचे पासपोर्ट साइज फोटो.
एकोणतीस वर्षं अजनीच्या शेडात
इंजिनं खोलली, जोडली,
इटारसीकडे, बल्लारशाकडे सोडून दिली,
मला हा प्रश्न कधी सुचला नव्हता.

नातेवाइकांना वाटलं, पोरीला सेवेची आवड.
तिच्या मामानं स्टेटसला तसं लिहिलंही.
ती म्हणाली, आवड नाही न बाबा,
माणसं सगळीकडेच आजारी पडतात,
म्हणून.

आता मेडिकलची रात्रपाळी उतरून
ती सदरला जाते, केकच्या दुकानावरच्या माडीवर,
जर्मन शिकायला.
बोबडे सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं,
मराठी माणसाला सोपी आहे,
तिकडेही तो, ती, ते.
घरभर चिठ्ठ्या चिकटल्या.
दार आपल्याकडे ते, तिकडे ती.
खुर्ची तिकडे तो.
सूर्य तिकडे बाई आहे, हे ऐकून
मी मे महिन्यात दुपारी दोनला
अंगणात जाऊन बघून आलो.
आणि मुलगी म्हणे ते.
हे काही मला पटलं नाही.
तिची आई आतून म्हणाली, पटत कसं नाही,
पोरगं लय रडते, पोरगं झोपत नाही,
कोण म्हणायचं?

कूलरवर तेवढी चिठ्ठी नाही.
विचारलं तर म्हणे, त्याचा शब्द सरांनी दिलाच नाही,
तिकडे लागत नाही.

शेजारचे कान्होलकर फाटकाशी थांबून विचारतात,
म्हातारपणी पाणी कोण देईल, मेश्राम?
मी म्हटलं, तिकडच्या म्हाताऱ्यांनाही
हेच विचारलं असेल कोणी,
म्हणून तर बोलावून राहिले तिला.
बोलून गेलो खरा.
मग बराच वेळ बागेला पाणी देत बसलो,
झाडं दोनच आहेत.

झिरो माईलच्या दगडावर
चांदा आहे, शिवनी, रायपूर, जबलपूर,
किती मैल ते खोदलेलं.
ती तिसरीत असताना बोट ठेवून वाचून दाखवलं होतं मी,
इथून सगळं मोजतात बेटा.
परवा त्याच सिग्नलला गाडी थांबली,
मागून म्हणाली, बाबा, माझं गाव नाही यात.
तिचं गाव म्हणजे श्टुटगार्टजवळचं कुठलं तरी,
नाव मला अजून एका दमात येत नाही.
जागा संपली असेल, मी म्हटलं.
हिरवा लागला.

परीक्षा शुक्रवारी. तोंडी आधी.
जेवणं झाल्यावर तिनं मला खाटेवर आडवं केलं,
तुम्ही पेशंट, बाबा,
हसायचं नाही.
उशीखालून चिठ्ठी काढून मी एकदा वाचून घेतली.
तिनं मनगट धरलं, घड्याळाकडे बघितलं,
अनोळखी माणसाचं धरतात तसं,
घट्टही नाही, सैलही नाही.
वो टूट एस वे?
म्हणजे कुठे दुखतं.
मला त्यातलं टूटच ऐकू येतं.
मी गप्प.
पंख्याखाली भिंतीवरच्या चिठ्ठ्या फडफडत होत्या.
तिनं पुन्हा विचारलं, सावकाश,
बाबा न म्हणता,
हेर मेश्राम, वो टूट एस वे?

क्नी, मी म्हटलं.
गुडघा.
तेवढाच अवयव मला पाठ होता.