पाणी जोखताना

काल भरलेली बाटली
रात्रभर उबवणीच्या पेटीत होती.
आज आकडा आला, शंभर मिलिलिटरमागे चाळीस.
चाळीस म्हणजे काहीच नाही.
मागच्या ऑगस्टात गटार फुटलं तेव्हा
नऊ हजार पाहिलेत मी.

म्हणजे आज हिरवी पाटी.

सव्वीस वर्षं शाळेची बस चालवली.
तेव्हाही पाणी जोखायचेच, आरशातून,
मागच्या बाकावर कोण कोणाला रडवतंय ते.
आता दर शुक्रवारी कमरेपर्यंतचे रबरी बूट चढवून
हेली नदीत उतरते, आरशाऐवजी जाळं घेऊन.
तीन मिनिटं टाचेने तळाचे दगड ढवळायचे,
प्रवाहाच्या खालच्या अंगाला जाळं धरायचं,
मिळेल ते पांढऱ्या थाळीत ओतायचं
आणि गुडघे टेकून वाट पाहायची.
आधी सगळा नुसता गाळ दिसतो.
मग गाळ चालू लागतो.

मे महिन्यात या थाळीत दाटी होती:
दोन शेपट्यांच्या अळ्या, तीन शेपट्यांच्या,
आणि वाळूचे कण चिकटवून अंगाभोवती घर बांधणारी ती,
जिला इओलो म्हणतो, बघ, हिला बँकेचं कर्ज लागलं नाही.

आज एक जळू.
चार लाल किडे.
सूचिपर्णीच्या सुया.
एक वाळूचं घर, रिकामं, दार उघडं.

थाळी हलवली. फुंकर घातली.
पुन्हा तीन मिनिटं दगड ढवळले, जरा रागानेच.
पुन्हा एक जळू.

आणि पाणी?
तळाशी कुणाचं तरी वीस पेन्सचं नाणं पडलंय,
त्यावरचं साल वाचता यावं इतकं नितळ.
एवढ्या नितळ पाण्यातही
कुठेतरी पाणी मुरतंच.

वरच्या वळणावर इओलोचं मेंढ्यांचं कुंपण.
मागच्या मंगळवारी औषधाचा हौद भरला होता.
दोनशे दहा मेंढ्या, एकेक बुडवून काढलेली.
खरूज पसरली होती, दुसरा उपाय काय?
अख्खं खोरं आलं होतं मदतीला.
निथळत्या मेंढ्या उताराने ओढ्यापर्यंत गेल्या,
पाण्यात उभ्या राहिल्या, प्यायल्या.
कुणी हाकलल्या नाहीत.
माना धरणाऱ्यांत मी होते.
नंतर चहा झाला, मनुकांचा केक झाला,
मी दोन तुकडे घेतले.

फॉर्मवर दोन रकाने आहेत.
पोहण्यास योग्य: हो.
जलचरांस योग्य:
इथे पेन टेकलं, आणि शाईचा ठिपका
माझ्या उत्तराआधीच मोठा होत गेला.

पाटी मात्र एकच. तिच्या दोन बाजू, लाल आणि हिरवी,
आणि दोन्ही बाजू माणसांसाठी.

साडेदहाला एलेरीची जुळी सायकलींवरून आली.
"हिरवी आहे का, तेगवेन?"
"हिरवी आहे," म्हटलं.
खोटं नव्हतं.
उडी. किंचाळी. ओल्या पायांचे ठसे.
मधल्या ज्या खडकावर उन्हाळाभर
पांढऱ्या छातीचा एक गोटू पक्षी
उगाचच सारखा गुडघ्यांत वाकून
नदीला लवून दाखवायचा,
तिथे आता निळा टॉवेल वाळतोय.

ते रिकामं घर मी रुमालात बांधलं.
नखाएवढं. आत फुंकलं तर
शिट्टीही वाजत नाही.

मग इओलोला फोन लावला.
रिंग जात राहिली, तो कुरणात असणार,
हातमोजे काढत असणार.
तेवढ्या वेळात एवढंच ठरवायचं होतं
की वाक्याची सुरुवात
"तू" पासून करायची
की "आपण" पासून.