हयातीचा दाखला

नोव्हेंबर. खडकी बाजारातली बँक.
आई व्हीलचेअरवर. मांडीवर पेन्शनचं पुस्तक,
पुस्तक पिशवीत, पिशवी रुमालात.
नाव पुकारलं तसा पुढचा माणूस वळला :
‘नलावडे? कुठले नलावडे?’
मी साताऱ्याकडचं गाव सांगणार होते,
जिथं उभ्या जन्मात चारदा गेले असेन.
तोंडून निघालं, ‘इथलेच. बाजारामागच्या चाळीतले.’
तो हसला. वरचे दोन दात नव्हते,
म्हणूनच ओळखलं. तेव्हाही नव्हते.
रंग्या.

मग रांग पुढं सरकत राहिली, आम्ही नाही.
कारखान्याचा भोंगा, ज्यावर चाळीतली सगळी घड्याळं चालायची.
रेंजवरून वेचलेली रिकामी काडतुसं,
खालचा ओठ टेकवून वाजवलेल्या त्यांच्या शिट्ट्या.
मुळेच्या काठी सॅपर दिवसभर पूल बांधायचे
आणि संध्याकाळी खोलून गाडीत भरायचे.
‘मग बांधला कशाला?’ त्यानं माझ्या दादांना विचारलं होतं.
दादांनी उत्तराऐवजी पेरू दिला.
‘अर्धा,’ तो म्हणाला. ‘उरलेला अर्धा तू खाल्लास.’

पुलावर परेड आली की पाऊल तोडायची.
पुलावर पाय जुळवायचे नाहीत, पूल हादरतो,
हे दोन्ही घरांत सांगितलं जायचं,
भिंत पातळ होती, एकदम ऐकू यायचं.
दोन्ही घरं नलावडे.
दगडू आणि दौलत. भाऊबंद नव्हेत,
नुसती एक कंपनी, एका रंगाच्या दोन ट्रंका,
दोन्हींवर पांढऱ्या अक्षरांत : डी. नलावडे.

इथं दोघंही थांबलो.

एकाहत्तरचा डिसेंबर. काचांना काळा कागद.
तार आमच्या दारात आली.
मजकूर इंग्रजी होता,
पण तार वाचावी लागत नसे.
आई भाकरी थापत होती, शेजारून आणलेल्या परातीत.
पिठाचे हात तसेच कपाळावर गेले.
चाळ गोळा झाली. हौसामावशीनं आईला धरून ठेवलं,
स्वतःच्या छातीशी, घट्ट.
मग डेपोतला हवालदार सायकल टाकून धावत आला,
नंबर दोनदा वाचला.
शेवटचे आकडे त्र्याण्णव. आमचे एकोणचाळीस.
‘वहिनी, ही तुमची नाही.’

मी सात वर्षांची होते.
त्या क्षणी आईच्या चेहऱ्यावर जे आलं
ते मी पाहिलं. हौसामावशीनंही पाहिलं असणार,
ती इतकी जवळ होती.

महिन्याभरात त्यांनी खोली सोडली.
आई भेटायला गेली नाही. तेव्हा नाही, नंतरही नाही.
दादा आले, जगले, म्हातारे झाले, खाटेवर गेले.
घरात हौसा हे नाव कुणी घेतलं नाही.

रंग्या आईच्या खुर्चीशी वाकला.
‘काकू, मी पण सॅपरच झालो. चोवीस वर्षं.’
आईला कमी ऐकू येतं. ती बघत राहिली.
‘आमची आई म्हणायची,
माझा माणूस गेला तेव्हा
माझ्याआधी इंदूनं रडून घेतलं.
तेवढा वेळ मला धरायला कुणीतरी होतं, म्हणायची.’

आई बराच वेळ काही बोलली नाही.
मग, ‘हौसा?’
‘गेली. चार वर्षं झाली.’
‘तिची परात माझ्याकडं राहिली,’ आई म्हणाली,
आणि रुमालाची गाठ सोडू लागली,
जणू ती त्यातच होती.

काउंटरवरच्या पोरीनं यंत्र पुढं सरकवलं.
आजी, अंगठा. नाही उमटत. पुन्हा.
रेषा झिजल्यात हो. पुन्हा.
चौथ्या वेळी यंत्रानं मान्य केलं की ती आहे.

बाहेर ऊन होतं. होळकर पुलावरून जाऊ, आई म्हणाली,
रिक्षा नको.
रंग्या खुर्ची ढकलत होता, मी बाजूनं.
मध्यावर माझ्या लक्षात आलं,
आमची पावलं एकदम पडतायत.
मी एक पाऊल चुकवलं.
त्यानं पाहिलं नाही.
त्यानंही चुकवलं होतं.