फक्त ओठ हलव

"तू फक्त ओठ हलव," बाई म्हणाल्या होत्या
व्होरूच्या शाळेत. मी नऊ वर्षांचा, मागच्या रांगेत.
तेव्हापासून हलवतोय.
लग्नांत, वाढदिवसांना,
आईच्या कबरीपाशीसुद्धा.

आज हेलवे रजेवर.
बालवाडीत एकटा मी आणि अकरा पोरं,
बाहेर उणे बारा,
आणि काउरच्या कोटाची चेन मध्येच अडकलेली.
तो रडकुंडीला, मी घामाघूम.
चेनच्या दात्यांशी पुटपुटता पुटपुटता
पुटपुटण्याला चाल कधी लागली, कळलंच नाही:
वर ये गं चेनबाई, हनुवटीपर्यंत ये

आवाज फाटका. सूर घसरला
बर्फावर माणूस घसरतो तसा, थेट बुडावर.
कान तापले. दाराकडे पाहिलं,
कुणी मोठं माणूस नाही ना?

नव्हतं. लीस्बेत होती, एकाच पायात बूट.
"माझी पण चेन," म्हणाली.
"तुझी तर लागलीये की."
तिने ती सर्रकन खाली ओढली.

मग दहाच्या दहा चेना खाली.

अंगणात पोचलो तेव्हा उजेड कलला होता.
काउर माझ्याहून बेसूर गातो.
केवढ्यांदा गातो!