मधला ठेका

शनिवारी पहाटे राजे गेले.
मला कळलं ते मोबाइलवर,
फोटोला हार घालूनसुद्धा कुणी पाठवला होता.
तरी साडेसहाला गढीतला माणूस आलाच,
सायकलवरून न उतरता म्हणाला,
"बिसन, ढोल काढ. डाव्या अंगानं."

डावं अंग म्हशीच्या कातड्याचं, ते मरणाचं.
उजवं बकरीचं,
गादीवर कुणी बसलं की मगच.
मध्ये शिवणीचं पोकळ खोड.
बापानं शिकवलं ते एवढंच, आणि एक नेम:
सूर्य बुडताना गादी रिकामी दिसू नये.
त्याच्या वेळी वारस शेजारच्या खोलीतच होता,
अकरा वर्षांचा, तापानं फणफणलेला.
उचलून बसवला. काम झालं.
आज गेले ते तेच.

राजे म्हणजे तरी काय,
राज्य कधीचंच सरकारजमा.
बँकेत आमच्यासारखेच रांगेत उभे राहत.
पुढचा माणूस आपोआप बाजूला व्हायचा
आणि ते हाताला धरून त्याला पुन्हा पुढे करत.
दसऱ्याला मात्र एकेकाला नावानं विचारत,
तुझ्या बोडीत पाणी किती?

मी तहसिलीचा कोतवाल, पगार तिकडून.
रजेच्या अर्जात कारण लिहिलं, राजा.
खोडलं.
नातेवाईक लिहिलं.

दुपारपर्यंत नऊ गावं फिरलो.
चुली विझल्या. नांगर बांधावर टेकले.
आमच्या बाजाराचा दिवस, तोही बंद,
पण रानातली माणसं पहाटेच निघालेली,
त्यांना कोण सांगणार?
चारोळीच्या टोपल्या डोक्यावर घेऊन
ती रिकाम्या बाजारात उभी.
सुकरी हिचामी आठ कोस चालून आलेली,
काखेत कोंबडी.
"मेला का? मंग हे कोन घेईल वो?"
कुणी रागावलं नाही तिला.
मग तीच गढीच्या दारात बसली
आणि अशी रडली की कोंबडीसुद्धा गप्प झाली.

धाकटे राजे पुण्याहून निघालेले.
नागपूरपर्यंत विमान, पुढे गाडी,
मूलच्या पुढे जंगलात ट्रक आडवा,
फोन लागेना.
ऊन चिंचेच्या शेंड्यावर गेलं
तशा सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे.
"वाजव," दिवाणजी म्हणाले.
काय वाजवू? डावं वाजवून झालं होतं.
उजव्याला हात लावायची सोय नव्हती.
"वाजव म्हटलं ना."

ढोल आडवा मांडीवर घेतला
आणि कातडं सोडून खोडावर वाजवायला लागलो.
बोटांनी. मग काठीनं. मग पुन्हा बोटांनी.
असा ठेका कुठंच नाही, बापाजवळही नव्हता.
बंद दारावर कुणी थाप मारावी,
आत माणूस आहे हे ठाऊक असल्यासारखी,
असं काहीसं ते होतं.
सूर्य बुडाला. कुणी गादीकडे पाहिलं नाही.
सगळे माझ्या बोटांकडे पाहत होते.
पोरं निजली. कुणीतरी कोंबडीला
करवंटीत पाणी ठेवलं.
अडीच तास कोसमगडाला राजा नव्हता
आणि नाही असं कुणी म्हणालं नाही.

नऊला दिवे दिसले.
जीन्स, खांद्यावर लॅपटॉपची बॅग तशीच,
उंबऱ्यात बूट काढायला वाकले
तेव्हा मान अगदी बापाची.
बसले.
मी उजवं अंग वर केलं,
बोटं सुजलेली, एकच टिपरू पडलं, बारीक.
तेवढ्यावर सगळं अंगण म्हणालं, जोहार.

मग सुकरी उठली.
"तुह्या बापासाठी आनली होती," म्हणाली,
सकाळचा भाव मला ठाऊक होता, तरी मी बोललो नाही,
आणि कोंबडी तिनं थेट मांडीवर ठेवली.
त्यांना धरता येईना.
पंख फडफडले, बॅग घसरली,
दिवाणजी पुढे झाले, तर तिनं त्यांना हातानं मागं सारलं
आणि म्हणाली,
"पाय धर, राजा.
पाय धर."