चकती

हनुवटी इथं. कपाळ पट्टीला टेकव.
त्या हिरव्या ठिपक्याकडं बघ, पापणी हलवू नकोस.
अकरा वर्षं मी हेच म्हणते आहे
अमळनेरात, स्टँडमागच्या दवाखान्यात.
बाहेर वैशाख पत्र्यावर तडतडतो
आणि पडदे ओढून मी
माणसांच्या डोळ्यांचे तळ बघत बसते.

तळ नारिंगी असतो.
नाकाच्या अंगाला एक फिकट चकती,
तिथून नस निघते ती थेट मेंदूकडं.
सगळं बघणं त्या दारातून आत जातं
आणि दाराला स्वतःला काही दिसत नाही.

हर्षाली विसपुते. वय आठ, नंबर उणे दीड.
पहिल्या फोटोत चकती गोल,
सुपडू सोनारानं ठोकून ठेवावी तशी.

मग दर आखाजीला ती यायची, सुट्टी म्हणून.
तळहातावर झोक्याच्या दोराचे वळ.
उणे तीन. उणे साडेचार.
"फळ्यावरचं माले दखास नही," असं न म्हणता
तिनं पहिला बाक मागून घेतला होता.

अकराव्या वर्षी मला ते दिसलं.
चकती उभी लांबट झालेली,
एक कड उचललेली, दुसरी दबलेली,
चालत्या माणसाच्या हातातल्या ताटासारखी कललेली.
आणि कानाच्या अंगाला
पांढरी, बारीक कोर.

डॉक्टरांनी कागदावर डोळा काढला.
चेंडू होता, अंडं व्हायला लागलाय.
मागचा पडदा ताणतोय, म्हणून चकती कलते,
पडदा सरकला तिथला पांढरा थर उघडा पडतो.
तिच्या आईला ते माझ्याआधी कळलं.
"मांडा ताणताना पीठवर बोटना ठसा ऱ्हास,
मांडा लांबा व्हस तसा तो बी लांबा व्हस."
एवढं बोलून तिनं दोन्ही कोपरं
हवेतच जराशी फिरवली,
खापर समोर असल्यासारखी.

सुपडूभाऊ गप्प होते.
अंगठी चेपली तर सळईवर चढवायची,
दोन टोले, की पुन्हा गोल.
"हाई बी गोल करता यी का?"
डॉक्टर म्हणाले, नाही.
लांबलेलं मागं येत नाही. थांबतं, थांबलं तर.

तेराव्या वर्षी भीती आली ती वेगळीच.
अशी वाकडी चकती काचबिंदूचं सोंग घेते,
कधी सोंगाआड खरा काचबिंदूही असतो.
थेंब सुरू झाले. ती अंधाऱ्या यंत्रात बसून
दिसेल त्या ठिणगीला बटण दाबायची,
न दिसलेल्या ठिणगीलाही, भिऊन.

तेव्हा मी जुने फोटो काढले.
कॉम्प्युटर दोनदा बदलला होता,
पण ही पोर मी पेनड्राइव्हवर जपली होती,
का, ते विचारू नका.
आठ, नऊ, दहा, अकरा, एकापुढं एक.
चकती वळत गेली होती,
पण नसेची कड कुठंच झिजली नव्हती.
डॉक्टर बराच वेळ काही बोलले नाहीत.
मग थेंब बंद केले, आणि मला म्हणाले,
दरवर्षी काढत राहा.

त्या दिवशी मी सुपडूभाऊंनाही बसवलं.
चष्मा कपाळावर सारून ते आले,
बारीक कामाला बसतात तसे.
मण्याचं भोक त्यांना उघड्या डोळ्यांनी दिसतं,
समोरच्या दुकानाची पाटी दिसत नाही.
पडद्यावर त्यांची चकती उमटली.
तोच कल. तीच कोर, जरा रुंद.
ते वाकून, नाक काचेला लागेपर्यंत बघत राहिले.
"मना बाप बी मणी डोळाले लाईसन ओवे,"
म्हणाले, आणि पाकीट काढून
स्वतःच्या फोटोचे पैसे विचारू लागले.

काल हर्षाली एकटीच आली. सतरा वर्षं.
न सांगता हनुवटी ठेवली.
उणे नऊ, गेल्या वर्षीही उणे नऊ.
जाताना म्हणाली, आज तृतीयेची कोर दिसेल ना,
चष्म्यातून दोन दिसतात मला, एक खरी, एक पुसट.
मी म्हटलं, काच पूस.

फाइलला नाव दिलं: विसपुते, उजवा, दहावा.
नवव्याशेजारी लावून पाहिला.
वाकडी. जशीच्या तशी.