गिरणीवर

वाडीत कोण उरलंय, ते मला डबे सांगतात.

दारवटकरांचा पितळी डबा दर सोमवारी यायचा,
मग महिन्याने,
आता दिवाळीला, धायरीहून, गाडीच्या डिकीत.
मरगळ्यांचा पोरगा चाकणला. पगार तिकडेच मुरतो,
दोन हजार म्हातारीच्या फोनवर पाच तारखेला,
त्यातले तीस दळणाचे, माझे.

ग्रामपंचायत म्हणते, घरं वाढली.
खरंय. धरणाच्या अंगाला एकवीस बंगले,
घरपट्टी चोख.
पण शनिवारी येणारी माणसं
पोळ्यासुद्धा करून आणतात.

पट्टा सैल झालाय.
मिस्त्री म्हणाला, राहू दे ना, चालते किती?

परवा सात नंबरच्या वॉचमनची बायको आली, फुलमती.
कडेवर पोर,
रंगाच्या रिकाम्या बादलीत भाजलेले चणे.
“बारीक.” मराठी तेवढंच.
सातू करायचा असेल.
नाचणीच्या दगडात चणे ओतले,
वहीत तिचं नाव घातलं,
दारवटकरांच्या पानावर, खाली जागा होती.

आज मरगळ्यांची म्हातारी भांडायला आली:
भाकरीला चण्याचा वास मारतोय!

मारणार, म्हटलं.
आता दर सोमवारी मारणार.